देठाला धरायची सवय

सातव्या दिवशी माझी मुलगी रडायची थांबली आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. घरमालकीण काकू खालच्या मजल्यावर राहायच्या. त्या जिना चढून वर आल्या, दारातूनच डोकावल्या आणि म्हणाल्या, "बघ, झाली की नाही शहाणी! पहिले सहा-सात दिवसच जड असतात गं." मी हसले. नवरा पहिल्या पाळीला कंपनीत गेला होता. बाहेर जुलैचा बारीक पाऊस, खोलीत ओव्याच्या धुरीचा वास, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच आवाज नाही. मी आडवी झाले आणि तीन तास झोपले. त्या तीन तासांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. ती शहाणी झाली नव्हती. तिच्यात रडण्याइतका जोर उरला नव्हता.

आम्ही सातपूरला एका खोलीत राहत होतो. मी इथली नव्हे. माझं माहेर वाशीमच्या पुढे. नाशिक रोडला गाडीत बसायचं, अकोल्याला उतरायचं, तिथून एसटी, आणि एसटी जिथे सोडते तिथून शेताच्या वाटेनं पायी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. सातवा लागला की भाऊ न्यायला येणार हे ठरलेलं होतं. मायनं गोधड्यासुद्धा धुऊन ठेवल्या होत्या. पण त्याच महिन्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली. माय त्यांची कूस बदलणार, का मला न्हाऊ घालणार? फोनवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू तिकडंच राह्य व बाई. तिकडं दवाखाने मोठे हायेत." सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. म्हणजे बाळंतिणीजवळ बसायला बाईमाणूस असं कुणी नाहीच. काकू होत्या, पण त्यांना गुडघेदुखी, आणि त्यांचं स्वतःचं घर होतं. दिवसातून एकदा जिना चढायच्या हेच पुष्कळ होतं. डब्यात शेपूची भाजी आणायच्या, अळिवाची खीर आणायच्या. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

माझी शाळा सातवीला सुटली. त्याचं दुःख मी फार करत नाही, पण शाळा लवकर सुटली की माणसाला एक खोड लागते. शिकलेल्या माणसानं "समजलं का?" असं विचारलं की मान आधी हलते. समजायचं असेल तर ते नंतर, घरी गेल्यावर, एकट्यानं. दवाखान्यात तसंच झालं. वॉर्डात एका सिस्टरकडे वीस-बावीस बाळंतिणी होत्या. ती बिचारी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पळायची. माझ्याजवळ आली की विचारायची, "पाजलं का? जमतंय ना? बाळाचं नाक दाबू देऊ नको हं." मी म्हणायची, हो सिस्टर. पाजलं सिस्टर. जमतंय. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा दीर, सासरा, भाऊ सारखे ये-जा करत होते, म्हणून मी पदराखाली पाजत होते. शिवाय मायनं फोनवर बजावलं होतं की पाजताना उघडं ठेवू नको, दुधाला नजर लागते. त्यामुळे पदराखाली काय चाललंय ते सिस्टरनं पाहिलं नाही, नवऱ्यानं पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा पाहिलं नाही. बाळ छातीशी लागलं होतं, चुटूचुटू आवाज येत होता. मला वाटलं, पाजणं म्हणतात ते हेच.

दुखत होतं, पण सगळ्याच बायका म्हणतात की सुरुवातीला दुखतं. किती दुखलं म्हणजे जास्त, हे कुणी सांगत नाही. ती तोंड लावायची तेव्हा माझ्या पायाची बोटं आखडायची. मी पदराचं टोक दातात धरायची. घरी आल्यावर, ती चार दिवसांची असताना, दोन्हीकडे चिरा पडल्या. पाचव्या दिवशी तिनं थोडं ओकलं, आणि त्या ओकारीत लाल रेष होती. मला वाटलं, तिच्या पोटातून रक्त येतंय. मग मी आतल्या चोळीवर पाहिलं, तिथेही तसाच लाल डाग होता, तेव्हा कळलं की रक्त माझंच आहे, ती माझं रक्त पीत होती. मी चोळी आणि ओकारी पुसलेलं फडकं धुऊन टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुला एवढंही जमत नाही का?

त्यानंतर मला ती उठायची भीती वाटू लागली. आईनं असं लिहू नये, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. ती झोळीत चुळबुळली की मी दोरी हळूच हलवत राहायची. मी झोळीकडे बघत मनात म्हणायची, अजून थोडं झोप, अजून थोडं. आणि सातव्या दिवशी तिनं माझं ऐकलं.

पावसाळ्यात बाळंतिणीच्या घरी लंगोटांचाच पसारा असतो. गॅसवर तवा ठेवून वाळवतात, पंख्याखाली वाळवतात, तरी पुरत नाहीत. आमच्या दोरीवर त्या दिवशी दोनच लंगोट होते. काकू तेही पाहून म्हणाल्या, "नशीबवान आहेस. माझ्या नातवाच्या वेळी आमच्याकडे तोरणं लागली होती लंगोटांची." मी त्या दोन लंगोटांकडे बघत राहिले. काहीतरी चुकतंय हे मला तिथे कळलं. काय ते नाही कळलं.

माय रोज भावाच्या फोनवरून बोलायची. व्हिडिओवर तिचा अर्धाच चेहरा दिसायचा, कारण फोन भावाच्या हातात. मी सांगितलं, "माय, ती नीट पीत नाही वाटतं."

"तोंडात देलं का बरोबर?"

"दिलं ना."

"मंग? मले दाखव बरं कसं देते ते."

भाऊ फोन धरून उभा. त्याला काय सांगणार, तू बाजूला हो? मायला फोन धरता येत नव्हता, तिचा अंगठा मध्येच लागून फोन कट व्हायचा. मग मायच म्हणाली, "राहू दे. मेथी खा. पाणी पे भरपूर." आमच्या दोघींत पाचशे किलोमीटर होते, पण त्या वेळी खरी अडचण भावाच्या हाताची झाली. तो वाईट नव्हता. फोन नीट धरून उभा होता एवढाच त्याचा गुन्हा.

आठव्या दिवशी नवऱ्यानं सुट्टी टाकली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. जन्मली तेव्हा दोन किलो सातशे होती. काट्यावर आकडा आला दोन किलो तीनशे ऐंशी. सिस्टरनं कार्डावर लिहिलं आणि ते डॉक्टर मॅडमपुढे सरकवलं. मॅडम तरुण होत्या, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, टाळू दाबून पाहिली, तळपायाला टिचकी मारली.

"अंगावर पिते?"

"हो मॅडम."

"लघवी दिवसातून किती वेळा?"

मी म्हणाले, "पाच-सहा वेळा."

दोन वेळा करत होती. मला पक्कं माहीत होतं. धुणारी मीच होते. तरी मी पाच-सहा म्हणाले. वॉर्डात असताना मी काचेच्या पेटीत ठेवलेली बाळं पाहिली होती, हाताला सुया, डोळ्यांवर पट्ट्या, आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या आया. दोन म्हटलं असतं तर तिला तिथे ठेवली असती असं मला वाटलं. नवरा माझ्याकडे पाहत होता. त्याला खरा आकडा माहीत नव्हता, त्यामुळे त्याला ते पटलं.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टरांना एकदा पाजून दाखवा."

मी म्हणाले, "आत्ताच पाजलं मॅडम. झोपलीय."

हे दुसरं खोटं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, बाळ उठेल तेव्हा पाजू असं आता चालणार नाही. दर दोन तासांनी तिला उठवायचं आणि पाजायचं. पाजून झाल्यावर तुमचं दूध काढून, नाहीतर पावडरचं करून, वाटी-चमच्यानं वर द्यायचं. बाटली नको. परवा परत आणा. परवापर्यंत वजन वाढलं नाही तर भरती करावं लागेल. समजलं का?"

माझी मान हलली.

येताना नवऱ्यानं मेडिकलमधून पावडरचा डबा घेतला. पाणी उकळून, गार करून, डब्यावर लिहिलं होतं तसं त्यानंच केलं. चांदीची वाटी आमच्याकडे नव्हती, वरणाची स्टीलची वाटी होती. मी पहिला चमचा तिच्या ओठाला लावला. आधी तिला कळलंच नाही. मग जीभ बाहेर आली, आणि तिनं तो चमचा असा ओढला की तो माझ्या बोटांतून सुटायला आला. दुसरा. तिसरा. वाटी संपली तरी ती तोंड उघडून वळत होती. नवरा आनंदानं म्हणाला, "बघ, पितेय! पितेय ना!" मी भिंतीकडे तोंड केलं. तो डबा त्या दिवशी होता म्हणून ती तगली, हे मला आज कळतं, आणि त्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की पोर भुकेली होती. आठ दिवस माझ्याजवळ, माझ्या छातीला लागून ती भुकेली होती.

काकूंनी संध्याकाळी डबा पाहिला. "असतं गं एकेकीचं," त्या म्हणाल्या. "तुझ्या अंगातच दूध नाही. त्याला तू तरी काय करणार?" त्यांनी ते समजुतीनंच म्हटलं होतं. ते ऐकून एक क्षण मला हलकं वाटलं, की चला, कारण तरी सापडलं. मग वाटलं, ज्या बाईच्या अंगात दूधच नाही ती इथे बसलीय कशाला? त्या दिवशी मी झोळीची दोरी धरून बसले आणि सरळ विचार केला की माझ्यापेक्षा दुसरी कुठलीही बाई हिच्यासाठी बरी. मरायचं वगैरे नाही मनात आलं. फक्त मी तिथे नसते तर बरं, असं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम मावशी आली.

ही मावशी म्हणजे माझ्या कामावरची. लग्न होऊन आले तशी मी तीन हंगाम दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसला जात होते. सकाळी पिकअपमधून बायका गोळा करून न्यायचं आणि दिवसभर आमच्यावर नजर ठेवायची हे तिचं काम. माल बाहेरदेशी जायचा. क्रेटमधून घड उचलायचा, डाव्या हाताच्या दोन बोटांत देठाला धरायचा, उजव्या हातातल्या कात्रीनं खराब मणी काढायचे, आणि डबीत ठेवायचा. मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर पांढरी पावडर असते, बोट लागलं की ती पुसते, ठसा उठतो आणि घड बाद. पहिल्या हंगामात मावशीनं या एका गोष्टीसाठी मला इतकं बोलून घेतलं होतं की मी घरी येऊन रडायची. नंतर मात्र हात असा बसला की घरी कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी दोन बोटांत देठाला धरायची आणि नवरा हसायचा. सहाव्या महिन्यापर्यंत मी तिथे उभी होते. एप्रिलमध्ये हंगाम संपला आणि मावशी आपल्या गावी शेतावर गेली. तिची लेक सातपूरलाच दिली होती. लेकीकडे आली तेव्हा तिला कळलं की माझं झालं.

दारातूनच ओरडली, "कुठं हाय माझी नवी मजूर? हंगामाला लावून घेते की!"

हातात एक झबलं होतं, जुन्या मऊ साडीचं, हातानं शिवलेलं. झोळीत वाकली आणि तिचं हसू थांबलं. तिनं मुलीच्या मांडीची कातडी दोन बोटांत धरून सोडली. ती तशीच वर राहिली.

"कवापास्नं आशी निजून हाय?"

"तीन दिवस. त्रास देत नाही अजिबात."

"आठ-नऊ दिसाचं पोर तरास देत नाय?" ती माझ्याकडे वळली. "आगं, आठ दिसाचं पोर गल्ली उठवतंय. उठीव तिला. पाज."

"आत्ताच वाटीनं पाजलंय मावशी."

"वाटीचं मी इचारलं का? अंगावर पाज. माझ्यासमोर."

तिच्यापुढे नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी पदर ओढून घेतला, मुलीला आत घेतलं. दातात पदराचं टोक धरलं. मावशीनं ते पाहिलं.

"पदर काढ."

"मावशी, नजर..."

"माझी नजर लागायची आसती तर तीन वर्सांपूर्वीच तू आंधळी-पांगळी झाली आसती. काढ म्हणते ना!"

तिनंच पदर बाजूला केला. वाकून बघितलं. मग तिला हसू फुटलं, असं की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"आगं ये! घड धरलाय का त्यो?"

मी खाली पाहिलं. खरंच पहिल्यांदा पाहिलं. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं, कात्रीसारखी, अगदी टोकाच्या मुळाशी. मला वाटत होतं मी आधार देतेय, तिचं नाक मोकळं ठेवतेय. पण ती दोन बोटं मध्ये होती आणि तिचं तोंड त्यांच्या पुढे जाऊच शकत नव्हतं. तिच्या ओठांत फक्त शेंडा येत होता. दूध असतं मागे, आणि मागची वाट मीच चिमटून धरली होती. ती ओढायची तसं मी आणखी घट्ट धरायची, सुटू नये म्हणून.

"तिथं मी सांगितलं मण्याला हात लावू नको," मावशी डोळे पुसत म्हणाली, "तर हितं बी लावीना व्हय! हा काय माल परदेशी धाडायचाय?"

मी नाही हसले. मला हुंदका आला आणि मग थांबेचना. आठ दिवस मला वाटत होतं की माझ्या अंगातच काही कमी आहे. ते परवडलं असतं. तिथे तर सगळं होतं आणि माझ्या हातानंच मी ते तिच्यापासून अडवत होते.

मावशी मला रडू देईल असं वाटलं होतं. तिनं नाही दिलं. "रडायचं मागनं," ती म्हणाली. "आधी पोर उघडी कर. गरम कपड्यात ती झोपतीय नुसती." तिनं दुपटं सोडलं, ओल्या फडक्यानं तळपाय पुसले. मुलगी कुरकुरली. मग मावशीनं माझा हात धरून छातीखाली नेला. "वाटीवानी धर. लांब. आजून मागं. बोटं तिच्या तोंडाजवळ दिसली नाय पायजे. आता थांब. तू नको वाकू, पोरीला आण. ओठाला लाव नि थांब. तोंड उघडू दी. हे नाय, हे लहान हाय. जांभई देती तेवढं उघडू दी. आता! आण!"

नाही जमलं. परत. नाही जमलं. हात आपोआप दोन बोटांवर यायचा आणि मावशी माझ्या मनगटावर चापट मारायची, पॅकहाउसात मारायची तशीच. सहाव्या का सातव्या वेळी मुलीनं मोठं तोंड उघडलं आणि हनुवटी आत रुतवली. मी दुखायची वाट पाहत डोळे मिटले. दुखलं, पण वेगळं, आणि मग कमी झालं. तिच्या कानापुढचं हाड हललं. एकदा, दोनदा, आणि मग घशातून आवाज आला, घुट्. आठ दिवसांत हा आवाज मी ऐकलाच नव्हता. ते चुटूचुटू म्हणजे रिकाम्या तोंडाचा आवाज होता.

पाच-सहा घोट झाले आणि ती दमून झोपली. पुस्तकात असतं तसं काही झालं नाही. मावशीनं तिला परत उठवलं. परत चार घोट. मग तिनं मला दूध कसं काढायचं ते दाखवलं. पिळायचं नाही, आधी मागे दाबायचं आणि मग पुढे. त्याच स्टीलच्या वाटीत तळाला पिवळसर दूध जमा झालं. काकू वर आल्या होत्या. वाटी पाहून म्हणाल्या, "अगं बाई, आहे की! मग इतके दिवस कुठं होतं?" मावशीच म्हणाली, "पदराखाली."

चमच्यानं पाजता पाजता, माझ्याकडे न बघता मावशी म्हणाली, "माझं पैलं आसंच शांत झालं व्हतं. आम्ही म्हणायचो, कसं गुणाचं हाय."

तिनं पुढचा चमचा भरला. मला कळलं की झोळीत वाकल्यावर तिचं हसू का थांबलं होतं.

गावाकडे तिची भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती, तरी ती लेकीकडे मुक्काम करून राहिली. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी परत आली. दर दोन तासांनी मी पोर उघडी करत होते, पाय पुसत होते, हात मागे धरत होते. एका वेळी जमायचं, पुढच्या तीन वेळा नाही. चिरा होत्याच. प्रत्येक वेळी जमलं नाही की मला तेच वाटायचं, उशीर झाला, आता कळून काय उपयोग? लंगोट ओला झाला की मी तो नाकाशी नेऊन बघायची, खरंच ओला आहे ना. त्या दिवशी चार झाले. चार म्हणजे पुरेसे की नाहीत हे मला माहीत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी दवाखान्यात मॅडमनी परत तेच विचारलं. "लघवी किती वेळा?"

मी म्हणाले, "काल चार. आज सकाळपासून दोन. पण मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं मॅडम. तेव्हा दिवसाला दोनदाच होत होती."

नवऱ्यानं झटकन माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही खोटं सांगितलंत तर आम्ही काय बघून ठरवायचं? त्या दिवशीच भरती केली असती मी तिला. काही झालं असतं म्हणजे?" त्यांचा आवाज चढला होता. रांगेतल्या बायका बघत होत्या. मी मान खाली घातली. त्या बोलल्या ते सगळं खरं होतं. मला त्यांचा राग आला नाही. कुणीतरी मला रागावावं असं मला किती दिवसांपासून वाटत होतं ते मला तेव्हा कळलं.

सिस्टरनं मुलीचे कपडे काढले आणि काट्यावर ठेवलं. थंड पत्रा लागला तशी ती रडली. मोठ्यानं रडली. आकडा हलत राहिला, मग थांबला. दोन किलो चारशे.

"सिस्टर, परत एकदा करा ना."

"अहो, बरोबर आहे."

"तिनं पाय टेकवला होता बाजूला. परत करा."

सिस्टरनं उसासा टाकला, उचललं, परत ठेवलं. दोन चारशे. वीस ग्रॅम वाढली होती. मॅडमनी आकडा पाहिला. त्या खूश झाल्या नाहीत, पण पेन त्यांनी भरतीच्या कागदाकडे नेलं नाही. "कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण घसरण थांबली. आत्ता भरती नको. तीन दिवसांनी परत आणा. आणि खरं सांगायचं. समजलं का?"

मी मान हलवली नाही. म्हणाले, "वर दूध द्यायचं ते किती दिवस? ते नाही समजलं."

मॅडमनी परत सांगितलं, सावकाश. तीन दिवसांचं वजन बघून कमी करू.

बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा मला आनंद झाला नव्हता. वीस ग्रॅम. ती एकदा ओकली तरी जातील. तीन दिवसांनी आकडा परत खाली आला तर? मी बाकड्यावर बसले. मुलगी अजून रडत होती, तोंड वळवत होती. समोर माणसं ये-जा करत होती. मी हात मागे धरला, थांबले, आणि तिला आणलं. पहिल्याच वेळी लागली. नवरा केसपेपर हातात घेऊन उभा होता. "रिक्षा भरतेय," तो म्हणाला, "चल ना, घरी जाऊन पाज."

"हलले तर सुटेल."

तो गेला नाही. रिक्षा गेली. तेवढ्यात व्हरांडा पुसणारी बाई बादली सरकवत आली. फिनेलचा वास, ओलं पोतेरं. माझ्यापाशी येऊन थांबली.

"ताई, उठा की जरा. हितलं पुसायचंय."

"उठता येत नाही हो. पितेय."

तिनं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "बरं, पाय तरी वर घ्या."

मी दोन्ही पाय वर उचलले आणि तसेच धरले. तिनं बाकड्याखालून पोतेरं फिरवलं, एकदा, परत एकदा. ओटीपोट दुखत होतं, मांड्या थरथरायला लागल्या होत्या. मुलीच्या कानापुढचं हाड हलत होतं. फरशी वाळेपर्यंत मी पाय खाली टेकवले नाहीत.